वाचकांचे प्रश्न: लॅपटॉपवाले आणि मोर्चेवाले

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की नेटवर हक्कांसाठी भांडणारे आणि रस्त्यावर भांडणारे यांनी मुंबईत एकत्र बसायला हवं. त्यावर खूप पत्रं आली, मेल आले. निम्मे नेटवर काम करणाऱ्यांचे, निम्मे वस्तीत काम करणाऱ्यांचे, आणि बहुतेकांची तक्रार समोरच्याबद्दलच. म्हणून या वेळी पाचच प्रश्न घेतेय पण जरा सविस्तर बोलू. मी स्वतः दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि गेली बारा वर्षं संध्याकाळी एका वस्ती संघटनेत असते, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मी खाल्लेली आहेत.

प्रश्न: ताई, आमच्या भागात खाडीलगतची एक मोकळी जागा वाचवायला आम्ही आठ मित्रांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम घेतली. चाळीस हजारांवर सह्या आल्या, हॅशटॅग दोन तास ट्रेंडला होता, पण झालं काहीच नाही. तिथल्या कोळीवाड्यातल्या कार्यकर्त्यांना भेटलो तर म्हणाले तुम्ही लॅपटॉपवाले, तुमच्या सह्या विचारतो कोण. आमचं चुकलं कुठे? (मुलुंडहून एक आयटीवाला)

तुमची कळकळ खरी आहे हे आधी सांगते, कारण कोळीवाड्यात ते कुणी सांगितलं नसणार. चूक एवढीच झाली की तुम्ही चाळीस हजार सह्या अशा ठिकाणी गोळा केल्या जिथे त्या उघडून वाचायला कायद्याने कुणीच बांधील नाहीये.

२०१५ ची नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे नेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवावं याची लढाई आठवा. ट्रायने, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, मार्चच्या शेवटी लोकांची मतं मागवणारा ११८ पानी कागद काढला, त्यात वीस प्रश्न, भाषा अशी की वकिलालाही घाम फुटावा. मुदत २४ एप्रिल. मग काही लोकांनी बसून त्या वीस प्रश्नांची साधी उत्तरं लिहिली आणि ती थेट ट्रायच्या पत्त्यावर जातील अशी सोय करून दिली, आणि दहा लाखांवर मेल गेले. तो आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी होती, ते मेल ट्रायने स्वतः मागवलेल्या हरकती होत्या, म्हणजे सरकारी दप्तरात त्यांची नोंद होणारच होती. सोबत संसदेत वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनीही विषय उचलला, म्हणजे दारही बरोबर आणि आत बोलणारा माणूसही.

आणि लगेच उलटं उदाहरण. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने दुसरा कागद काढला, वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा डेटा दर लावता येईल का यावर, तेव्हा फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्ससाठी, म्हणजे निवडक साइट फुकट दाखवायच्या योजनेसाठी, लाखो लोकांकडून मेल पाठवले. पण त्या मेलमध्ये ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नव्हती, नुसता पाठिंबा होता, आणि ट्रायने ते फेसबुकला लेखी कळवलंसुद्धा. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला की असे भेदभावाचे दर चालणार नाहीत, आणि त्याच महिन्यात फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स काढून घेतलं. एवढी मोठी कंपनी, एवढे मेल, तरी जमलं नाही, कारण विचारलेल्याला उत्तर नव्हतं.

आता तुमच्या खाडीकडे येऊ. ती जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, कुठे येते, विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण काय आहे, ते बदलायची नोटीस निघालीय का? एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या ३७ कलमाखाली आराखड्यात बदल करायचा तर नोटीस काढून एक महिना हरकती मागवाव्या लागतात. तो महिना तुमचा. चाळीस हजार सह्यांऐवजी त्या महिन्यात चार हजार नीट लिहिलेल्या हरकती गेल्या, त्यातल्या पाचशे माणसांनी सुनावणी मागितली, तर तुमची फाइल जाड होते आणि पुढे कोर्टात गेलात तर तिथेही ती दिसते. नोटीस कधी निघते, कुठल्या पेपरात कोपऱ्यात छापतात, कुठल्या टेबलावर पोच मिळते हे कोळीवाड्यातल्या त्या माणसांना तोंडपाठ असतं हो, त्यांनी आयुष्य घालवलंय त्यात. तुम्ही मोहीम पूर्ण करून त्यांच्याकडे गेलात. मागणीचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी जायला हवं होतं.

मुंबईने हे करून दाखवलेलं आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत पालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा काढला आणि त्यात इतक्या चुका की उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, जुन्या वारसा वास्तू नकाशात नाहीतच. नकाशे नेटवर होते, ते वाचू शकणारे आर्किटेक्ट आणि नगररचनेचे विद्यार्थी होते, आणि आपल्या गल्लीत खरं काय आहे हे सांगणारे वस्त्यांमधले, गावठाणातले लोक होते, फेरीवाले होते, बायकांच्या संघटना होत्या. हजारोंनी हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला सांगितला. नकाशावर बोट ठेवून "इथे आमची बालवाडी आहे, तुम्ही पार्किंग दाखवलंय" असं म्हणणारी बाई आणि तो नकाशा मोठा करून ए-३ वर छापून देणारा मुलगा, हे दोघं एका टेबलावर बसले की काय होतं ते मी आमच्या वस्तीत पाहिलंय. आमची हरकत चार ओळींची होती, सोबत मोबाइलवर काढलेले तीन फोटो, बस.

प्रश्न: ताई, मी पंधरा वर्षं वस्तीत काम करते. हल्ली प्रत्येक मोर्चाला कॉलेजची पोरं येतात, रील करतात, निघून जातात. मागच्या वेळी आमच्या एका बाईचा रडतानाचा व्हिडिओ फिरला आणि तिच्या घरी केवढं भांडण झालं. आता आमच्या बायका म्हणतात कॅमेरावाले नकोतच. मी काय सांगू त्यांना? (मानखुर्दहून एक कार्यकर्ती)

बायका बरोबर बोलतायत असं सांगा आधी. ज्याचा चेहरा त्याचा निर्णय, आणि तो निर्णय गर्दीत धक्काबुक्की चालू असताना घ्यायचा नसतो. आमच्याकडे आता पद्धत आहे, आदल्या दिवशीच्या बैठकीत ठरतं कोण कॅमेऱ्यासमोर बोलणार, बाकीच्यांचे पाठमोरे किंवा लांबून, लहान मुलं अजिबात नाहीत, आणि व्हिडिओ टाकायच्या आधी त्या बाईला फोनवर दाखवायचा, ती "चालेल" म्हणाली की मगच. पोरं कुरकुरतात की तोवर विषय थंड होतो. होऊ दे ना थंड.

पण कॅमेरा नकोच असं नका ठरवू ताई, कारण मला २०१८ चा मार्च आठवतो. नाशिकहून निघालेले किसान सभेचे हजारो शेतकरी, त्यात आदिवासी बायका कितीतरी, ६ मार्चला निघून १२ ला आझाद मैदानात पोचले, दीडशे किलोमीटरच्या वर चालत. पहिले काही दिवस मुंबईला पत्ताच नव्हता. मग त्या भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो लोकांच्या फोनवर आले आणि शहर हललं, लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. शेवटच्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानावरून ते लोक रात्रीतच चालत निघाले, का तर दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको. ही गोष्ट शहराला कळली ती फोनमुळेच. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं.

मात्र फोटो काढणारे १३ मार्चला दुसऱ्या विषयाकडे वळले आणि शेतकऱ्यांचं काम तिथून पुढे सुरू झालं. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची मोठी मागणी, पण हे दावे एकेका कुटुंबाचे असतात, एकेक फाइल, उपविभागीय समिती, जिल्हा समिती, कुठे अडकलंय ते कळत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा निघावं लागलं, २०२३ च्या मार्चमध्ये परत, तेव्हा वाशिंदपर्यंत आले होते. मला सारखं वाटतं की त्या चप्पल देणाऱ्या मुंबईतल्या हजारो नेटवाल्यांपैकी नुसते पन्नास जण मागे राहिले असते, कुणाचा दावा कुठल्या तारखेपासून कुठल्या टेबलावर पडलाय याची एक साधी शीट चालवत, दर महिन्याला ती छापून तहसीलला लावत, तर त्या माणसांच्या पायांना थोडा तरी आराम मिळाला असता. तुमच्याकडे येणाऱ्या पोरांना हेच काम सांगा, मोर्चा झाल्यानंतरचे सहा महिने. जे राहतील ते आपले.

अजून एक, व्हॉट्सॲप ग्रुपची भीती असेल तर बायकांना सांगा की २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की दुसऱ्या सदस्याने काही वाईट टाकलं तर नुसतं ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनवर गुन्हा चालत नाही, त्यात ॲडमिनचा हात असल्याचं दिसलं पाहिजे. आणि २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, मुंबई बंद का असा साधा प्रश्न, एकीने लिहिलं आणि दुसरीने लाइक केलं. त्यावर दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघलने, याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने नेटवर 'त्रासदायक' लिहिलं म्हणून अटक करू देणारं आयटी कायद्याचं ६६ए कलमच रद्द केलं. पोस्ट नेटवर होती पण अटक झाली पोलीस ठाण्यात आणि निकाल लागला कोर्टात, त्यामुळे हा विषय नेटवाल्यांचा आणि तो आपला अशी वाटणी मला तरी करता येत नाही.

प्रश्न: मी गिरणी कामगार, ब्याऐंशीच्या संपातला. तुमचा लेख वाचला पण पटला नाही. इंटरनेटचं स्वातंत्र्य, प्रायव्हसी हे पोट भरलेल्यांचे विषय. आम्हाला घर पाहिजे, पाणी पाहिजे. त्यांच्या लढाईत आम्ही का पडावं? (लालबागहून एक काका)

काका, तुमच्या घराचंच उदाहरण घेऊ. घरासाठी पात्र कोण हे ठरवायला म्हाडाने २०२३ पासून गिरणी कामगारांची कागदपत्रं ऑनलाइनही मागवली. तुमच्यातल्या कितीजणांना मुलाला किंवा नातीला रजा टाकायला लावून ती चढवावी लागली हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणजे नेट तुमच्या घरापर्यंत आलंच आहे.

आता पुढचं ऐका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यादीत एखादा खोटा वारस घुसला अशी शंका आली तर आपण काय करतो, माहिती अधिकारात अर्ज टाकतो. त्या कायद्याच्या ८(१)(जे) कलमात आधी असं होतं की वैयक्तिक माहिती असेल आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तरच नाकारता येईल, आणि मोठं जनहित असेल तर द्यावीच लागेल. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही असं तिथे लिहिलेलं होतं. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला आणि त्याच्या ४४(३) कलमाने हे सगळं काढून दोनच शब्दांचा अर्थ उरवला, वैयक्तिक माहिती, द्यायची नाही. जनहितासाठी ८(२) कलम अजून शिल्लक आहे पण ते वापरायचं की नाही हे आधी त्या अधिकाऱ्याने ठरवायचं. उद्या लाभार्थ्याचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे असं टेबलामागून उत्तर आलं तर तुम्ही खोटा वारस शोधणार कसा?

आता यात आपलं दोन्हीकडच्यांचं काय चुकलं ते बोलते. प्रायव्हसीवाले लोक २०१७ पासून, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितल्यापासून, डेटा संरक्षणाचा कायदा मागत होते आणि ते बरोबरच होतं, कंपन्या आणि सरकार दोघंही आपली माहिती वाट्टेल तशी वापरतात. माहिती अधिकारवाले दुसरीकडे माहिती आयोगांतली रिकामी पदं भरा म्हणून भांडत होते. दोन्हीकडे काही जण हे कलम बघा म्हणून ओरडत होते, पत्रं लिहीत होते, पण निदान मी ज्या बैठकांना गेले त्यात एका बैठकीत हा विषय होता तर दुसरीत नव्हता. वस्तीत बोलायला गेलं तर लोक म्हणायचे हा फेसबुकवाल्यांचा कायदा आहे ना. ते कलम तसंच मंजूर झालं आणि आता दोघांना मिळून ते सोडवायचंय.

काका, माहिती अधिकार आला कुठून ते आठवा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावात जनसुनावण्या घेतल्या, मजुरांच्या हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचली आणि मेलेल्या माणसांच्या नावाने पैसे उचललेले बाहेर आले. मग १९९६ ला ब्यावरमध्ये चाळीस दिवस धरणं. नाव वाचल्याशिवाय चोरी सापडत नव्हती. आणि त्याच संघटनेच्या लोकांनी पुढे काय केलं, राजस्थान सरकारच्या कॉम्प्युटरवाल्यांबरोबर बसून २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल उभं करायला लावलं, जिथे रेशन कुणाला गेलं, किती गेलं, दुकाननिहाय दिसतं, अर्ज न करता. कुठली माहिती गावाला लागते हे मजुरांनी सांगितलं आणि पडद्यावर कशी दाखवायची ते इंजिनियरांनी. माझ्या स्वप्नात मुंबईचं असं एक पोर्टल आहे, कुठल्या वॉर्डात कुठलं काम, कुणाला कंत्राट, किती बिल, मराठीत, आणि तुमच्यासारख्यांनी सांगितलेल्या क्रमाने.

इंटरनेट बंदीचंही तेच. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात नेट बंद होतं, तेव्हा यूपीआयवर भाजी विकणारीचा धंदा बसतो, पोट भरलेल्याचं फार बिघडत नाही. १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय की बंदीचा आदेश जाहीर करावाच लागेल, म्हणजे लोकांना त्याला आव्हान देता येईल. कधी तशी वेळ आली तर पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची करा. ही एक ओळ नेटवाल्यांनी कोर्टातून आणलीय, वापरायची आपण.

प्रश्न: आमच्या मोहिमेला एका पक्षाच्या सोशल मीडियावाल्यांनी मदत देऊ केलीय. विषय मोठा होईल म्हणतात. घ्यावी का? (अंधेरीहून)

पक्षाच्या आमदाराने सभागृहात लक्षवेधी लावावी, खासदाराने प्रश्न विचारावा, जरूर घ्या, आणि बाकीच्या पक्षांकडेही तोच कागद घेऊन जा. पण सही करणाऱ्यांचे फोन नंबर कुठल्याही पक्षाला देऊ नका, कितीही जवळचा असला तरी. लोकांनी नंबर तुमच्या मोहिमेसाठी दिलाय, निवडणुकीच्या मेसेजसाठी नाही. एकदा नंबर बाहेर गेला की पुढच्या वेळी दार उघडत नाहीत लोक, हे आम्ही भोगलंय.

प्रश्न: ताई, मी पार्ल्याला कॉलेजात आहे, मला कोडिंग येतं, मराठी-इंग्लिश दोन्ही चांगलं आहे. मनापासून काहीतरी करायचंय पण मोर्चाला जायची भीती वाटते, घरचेही नाहीच म्हणतात. आरेच्या वेळी मी शाळेत होते, पोलीस लोकांना नेत होते ते व्हिडिओ अजून आठवतात. माझ्यासारखीचा उपयोग आहे का?

अगं खूप आहे, आणि भीती वाटण्यात काहीही कमीपणा नाही. तू आरेचं नाव काढलंस म्हणून तेच बघू. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडू नका म्हणणाऱ्या याचिका हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. फोनवर मेसेज फिरले, लोक धावत गेले, २९ जणांना अटक झाली. पण सोमवारी सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली ती कशामुळे, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती, हे दुःख राहणारच. मी सांगतेय ते एवढंच की त्या दोन दिवसांत जंगलात उभं राहणाऱ्यांची गरज होती आणि टेबलाशी बसून पत्र लिहिणाऱ्यांचीही होती, आणि त्याआधी कित्येक वर्षं आरेच्या पाड्यांमधले आदिवासी लढत होते म्हणूनच हा विषय त्या रात्रीपर्यंत जिवंत राहिला होता.

तुझ्या दोन्ही भाषा चांगल्या आहेत ना, मग हे ऐक. २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, इंग्लिश आणि हिंदीत. कोकणातल्या माणसाने त्यावर हरकत कशी घ्यायची? दिल्ली हायकोर्टात कुणीतरी गेलं आणि ३० जूनला कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत तो करा, मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. तरुणांच्या एका पर्यावरण गटाची वेबसाइट बंद केली गेली त्या काळात, पोलिसांनी आधी यूएपीएची, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याची नोटीस पाठवली आणि मग चुकून गेली म्हणून मागे घेतली, आणि त्या मुलांच्या पाठीशी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनचे वकील उभे राहिले, हीच संस्था २०१५ च्या नेट न्यूट्रॅलिटीच्या मोहिमेतून जन्मलेली. अशी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत असली की अडचणीच्या दिवशी फोन लागतो.

तुला काम सांगते, मोर्चाला न येता करायचं. आठवड्यातून एकदा पालिकेच्या आणि सरकारच्या नोटिसा बघायच्या, आपल्या भागातली कुठली आहे ते निवडायचं आणि अर्ध्या पानात साध्या मराठीत लिहायचं, नोटीस कशाची, मुदत कधी संपते, हरकत कुठे द्यायची. ते पान आम्ही छापून रेशन दुकानाबाहेर आणि मंदिराजवळ लावू, आणि ग्रुपवर फोटो म्हणून जाईल, पीडीएफ नको, आमच्याकडे निम्म्या फोनवर उघडत नाही. भाषा लोकांना कळते की नाही हे तपासायला पहिले काही दिवस आमच्या दोन ताई वाचून सांगतील, त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि त्यांना कळलं तर सगळ्यांना कळतं.

दुसरं, माहिती अधिकाराचे अर्ज. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. वस्तीतला माणूस आपली गोष्ट सांगायला लागला की अर्धा तास सांगतो, त्यातून दीडशे शब्दांचा नेमका प्रश्न काढणं हे कौशल्याचं काम आहे, आणि तुझ्यासारखी मुलगी समोर बसून ऐकून ते छान करेल. पण समोर बसून हं, फॉर्मची लिंक पाठवून नाही.

आणि कोडिंग येतं म्हणालीस, आमच्याकडे २००६ पासूनची माहिती अधिकाराची उत्तरं एका लोखंडी ट्रंकेत आहेत, पाण्याच्या जोडण्या, शौचालयांची कंत्राटं, कुणी किती वेळा काय कबूल केलं ते सगळं. पावसात दोनदा भिजलीयत. ती स्कॅन करून तारखेने आणि वॉर्डाने शोधता येतील अशी लावून देशील का? संपादकांकडे तुझ्या आईचा नंबर दे, मी आधी त्यांच्याशी बोलते, मग एखाद्या रविवारी दोघी मिळूनच या.